बाळगुटी

औषधाचं सरकारी नाव इतकं लांबलचक होतं, की ते न अडखळता म्हणणाऱ्याला वेगळा दाखला द्यावा लागला असता. पोरांनी पहिल्याच वर्षी त्याचं नव्यानं बारसं केलं आणि नाव ठेवलं बाळगुटी. रोज सकाळी नाश्त्याआधी नाकात फवारा मारायचा, बस. हळूहळू प्राध्यापकही तेच नाव घ्यायला लागले आणि मूळ नाव फक्त खोक्यांवर उरलं.

त्या सुमाराला रोग ओळखण्याचं काम यंत्रांकडे जाऊन बरीच वर्षं झाली होती. थेंबभर रक्त, एक उच्छ्वास आणि एक स्कॅन, एवढ्यावर यंत्र निदान सांगायचं आणि सहसा चुकायचं नाही. डॉक्टरकडे उरलं होतं ते माणसाशी बोलणं, आणि नेमकं तेच डॉक्टरांना येत नव्हतं. आठवीपासून क्लासच्या घाण्याला जुंपलेल्या मुलांना पेशंटचं बोलणं म्हणजे कटकट वाटायची. आजार यंत्राला कळायचा, पण पेशंटला काय हवंय ते कुणालाच कळायचं नाही. मग मिरजेबाहेरच्या माळावर नव्यानं उभ्या राहिलेल्या एका वैद्यकीय महाविद्यालयानं जाहीर केलं, की बी. ए.च्या दुसऱ्या वर्षात मराठी, इतिहास, तत्त्वज्ञान असलं काही शिकणाऱ्या मुलांना इथं थेट प्रवेश मिळेल. प्रवेशपरीक्षा नाही. समोरच्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकता येतं का, एवढंच बघितलं जाईल.

लोकांनी यथेच्छ टिंगल केली. आता म्हणे ओव्या म्हणत अपेंडिक्स काढणार. खरी अडचण वेगळीच होती. दहावीनंतर ज्यांनी शास्त्राचं पुस्तक उघडलं नव्हतं, त्यांना एवढं शास्त्र शिकवायचं कधी? बाळगुटी आली ती त्यासाठी.

ईश्वरी म्हेत्रे सावळजची. सांगलीच्या कॉलेजात ती मराठी शिकत होती, आणि भाषाविज्ञानात तिचा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं. मुलाखतीला ती आई आणि संपतमामाला घेऊन आली. वडील ती लहान असतानाच ट्रॅक्टरखाली सापडून गेले होते. तेव्हापासून मायलेकी मामाच्या घरी. आई, वनिता, जन्मापासून बहिरी आणि म्हणून मुकी. तिला कुणी कधी शाळेत घातलं नाही. ती बेदाण्याच्या शेडवर निवडणीला जायची, देठ काढायची, काळे मणी वेगळे करायची. तिच्याइतका चटपटीत हात शेडवर दुसरा नव्हता.

"डॉक्टर का व्हायचंय?" डॉ. नसीमा मुजावर यांनी विचारलं. योजना त्यांचीच. कपाळावर आठ्या आणि आवाज मऊ, असं त्यांचं अजब मिश्रण होतं.

ईश्वरीनं सांगितलं. ती चौथीत असताना आईच्या पोटात दुखायला लागलं. तासगावच्या दवाखान्यात डॉक्टर मामाला विचारत होते, मामा अंदाजपंचे उत्तरं देत होता, आणि आई खाटेवर बसून हातांनी सगळं सविस्तर सांगत होती. कुठं दुखतं, कसं दुखतं, कधीपासून. तिकडं कुणी बघतही नव्हतं. शेवटी ईश्वरी टेबलाला धरून उभी राहिली आणि आई बोलेल तसं मोठ्यानं बोलत गेली. "पीळ पडल्यासारखं दुखतंय, म्हणती. काल दिवसभर उजवीकडं हुतं, आता खाली सरकलंय. कुशीवर वळून झोपलं की कमी हुतंय." डॉक्टर लिहून घ्यायला लागले. नंतर, पोट कापावं लागेल हेही तिनंच आईला सांगितलं.

डॉ. मुजावरांच्या दृष्टीनं मुलाखत तिथंच संपली होती. उरलं होतं ते औषध समजावून सांगणं, आणि ते त्या मामाकडे बघून सांगायला लागल्या.

"लहान मूल भाषा कशी उचलतं, बघितलंय ना? कुणी शिकवत नाही, कुणी पाठ करून घेत नाही. त्या वयात मेंदू लोण्यासारखा असतो. पुढं पेशींभोवती एक बारीक जाळी विणली जाते, साखरेची आणि प्रथिनांची. जाळी बसली की आतल्या जोडण्या पक्क्या होतात. म्हणून मोठेपणी आपण लहानपणीची भाषा विसरत नाही, आणि म्हणूनच नवीन काही शिकताना तोंडाला फेस येतो. हे औषध ती जाळी काही महिने सैल करतं. तेवढ्यात आम्ही शरीराचं सगळं शास्त्र शिकवून घेतो. औषध थांबलं की जाळी पुन्हा विणली जाते."

"आन् सैल झाल्यावर आतलंच सांडलं म्हंजी?" मामानं विचारलं.

"सांडू शकतं," डॉ. मुजावर म्हणाल्या. "खोटं कशाला सांगू? जे रोज वापरात असतं ते टिकतं. लहानपणी शिकलेलं आणि त्या महिन्यांत वापरात नसलेलं, ते जातं. म्हणून लहानपणच्या प्रत्येक भाषेचा रोज तासभर सराव करायचा, त्याला सुट्टी नाही. आणि हे औषध आयुष्यात एकदाच. दुसऱ्यांदा दिलं तर झटके येतात." मग त्या संगणकाच्या पडद्याकडे वळल्या. "ईश्वरी, शाळेत जायच्या आधी तू कुठकुठल्या भाषा शिकलीस?"

"मराठी. आणि कन्नड. आजी अथणीकडची होती, ती माझ्याशी कन्नडच बोलायची. आता नाही ती."

"कन्नडचा सराव लावू. आणखी?"

शेजारी बसलेल्या आईनं ईश्वरीच्या गुडघ्याला हात लावला आणि विचारलं, काय विचारतायत त्या? ईश्वरीनं दोन्ही हात वर केले, आणि कुणाशी कशी बोलतेस ते विचारतायत, तुझं काही नाही, असं हातांनी सांगून टाकलं. आईनं आणखी काहीतरी विचारलं, ईश्वरीनं तेही सांगितलं. डॉक्टरांचे डोळे पडद्यावर होते.

"आणखी घरात बोलली जाणारी?"

"नाही मॅडम. एवढ्याच."

भाषा म्हणजे काय, यावर जिनं चांगला वीस पानी निबंध लिहिला होता, तिनं हे उत्तर दिलं. तिनं लपवलं असं नाही. घरात, गावात, शेडवर, सगळे त्याला 'वनीच्या खुणा' म्हणत आणि तीही तेच म्हणे. गावाला त्यातल्या पाच-पंचवीस ठाऊक होत्या. जेवलीस का, चल, बस, घर, पाणी, किती. बाकीचं सगळं या दोघींचं होतं, ईश्वरी रांगत होती तेव्हापासून दोघींनी मिळून घडवलेलं. त्यात घडून गेलेल्या गोष्टी डाव्या खांद्यापाशी सांगायच्या आणि व्हायच्या गोष्टी छातीसमोर. करंगळी उभी ठेवून सांगितलं, की 'असं लोक म्हणतात, मला पटत नाही' हे आपोआप आलं. गेलेल्या माणसांबद्दल बोलायचं तर उजवा हात मांडीवर ठेवून फक्त डाव्या हातानं. आई त्यात चेष्टा करायची, मुकादमाची नक्कल करायची, पडलेली स्वप्नं सांगायची. ती भाषा जाणणारी माणसं साऱ्या जगात दोन, आणि त्यातल्या एकीनं नुकतंच सांगितलं होतं की नाही, एवढ्याच.

सहा महिने हॉस्टेलबाहेर जायचं नाही, असा दंडक होता. जाळी सैल असताना जे डोळ्यांपुढं येईल ते चिकटून बसायचं. आदल्या तुकडीतला एक पोरगा चोरून बहिणीच्या लग्नाला गेला आणि मानेच्या नसांऐवजी बँडवाल्यांची सगळी गाणी पाठ करून परत आला, असं सांगायचे.

ईश्वरीचे ते दिवस मात्र सुखाचे गेले. हे मान्य करायला तिला पुढं फार त्रास झाला. एकदा वाचलं की लक्षात राहायचं. हाडं, स्नायू, रक्तवाहिन्यांचे फाटे, सगळं लहानपणापासून माहीत असल्यासारखं आत जाऊन बसायचं. दुपारी ती तासभर मोठ्यानं मराठी वाचायची. संध्याकाळी खानावळीतल्या जमखंडीच्या बसव्वाशी कन्नडात गप्पा मारायची. गेलेल्या आजीची भाषा अशी रोज तेलपाणी करून जपली जात होती.

रविवारी मामाच्या फोनवर आई दिसायची. मामा फोन धरून कंटाळायचा, मग तो तांब्याला टेकवून ठेवायचा. आईचे हात निम्मे पडद्याबाहेर जायचे. त्यात सावळजचं नेटवर्क, चित्र मधेच थिजायचं. सुरुवातीला ईश्वरी विचारायची, आई पुन्हा सांगायची. पुढं ईश्वरीला वाटायला लागलं की आई घाईघाईत बोलते. मग वाटलं, फोन नीट ठेवलेला नाही. परीक्षा जवळ आल्यावर तिनं मामाला सांगितलं, "आता घरी आल्यावरच बोलू. फोनवर काही दिसत नाही."

"बरं झालं," मामा म्हणाला. "हात भरून येत्यात माझं."

औषध थांबलं, परीक्षा झाली, ईश्वरी पहिली आली. ती घरी गेली तेव्हा आई दारातच उभी होती. आईनं तिला जवळ घेतलं, बसवलं, तिच्यासाठी पोळ्या केल्या, आणि हात धुऊन समोर बसून बोलायला लागली. सहा महिन्यांचं साठलेलं होतं. हात थांबत नव्हते, चेहऱ्यावर हसू येत होतं, जात होतं, भुवया वर चढत होत्या.

ईश्वरी बघत राहिली. पाणी कळलं. शेड कळलं. मध्येच मामा कळला, कारण मिशी पिळायची खूण कुणालाही कळली असती. बाकी नुसते हात हलत होते. गावातल्या कुणालाही दिसतील तसे, बाईचे हात.

आई थांबली आणि उत्तराची वाट बघू लागली. ईश्वरी गडबडली. तिनं हसून मान डोलावली.

वनितानं ती मान ओळखली. आयुष्यभर ती तिनं बघितली होती. दुकानदार तशी मान डोलवायचा, शेजारणी डोलवायच्या, सख्खा भाऊ डोलवायचा. कळलं नाही आणि कळून घ्यायचंही नाही, तेव्हा माणसं अशी मान डोलवतात. तिनं मुलीकडे नीट निरखून बघितलं. मग आणखी एक काहीतरी छोटंसं विचारलं, सावकाश. ईश्वरीला तेही कळलं नाही, आणि या वेळी तिला रडू फुटलं. आईनं तिचे डोळे पुसले. पण ती पुढं काही बोलली नाही.

दुसऱ्याच दिवशी ईश्वरी मिरजेला येऊन डॉ. मुजावरांसमोर उभी राहिली. सगळं ऐकून त्या खुर्चीत मागं टेकल्या.

"मी विचारलं होतं तुला," त्या म्हणाल्या. मग स्वतःच मान हलवून म्हणाल्या, "नाही, ते राहू दे. तू माझ्यासमोर बसून तिच्याशी बोलत होतीस. मी मान वर करून बघायला हवं होतं."

"मला ती भाषा वाटलीच नाही, मॅडम."

"परत औषध देता येणार नाही. मी मुद्दाम नकार देत नाहीये, तुझा जीव जाईल. आता शिकायचं तर सगळे मोठे शिकतात तसं. घोकून. हळूहळू."

घोकायला पुस्तक नव्हतं, आणि शिकवणारी तर मुलीला बघून ओशाळी व्हायला लागली होती. ईश्वरी सुट्टीत यायची, वस्तूकडे बोट दाखवून खूण विचारायची. आई दाखवायची. पुढच्या खेपेपर्यंत निम्म्या विसरलेल्या असायच्या. आणि खुणा आल्या तरी बोलणं येत नव्हतं. वाडगं, ताट, तवा माहीत असून कुणाला स्वयंपाक येतो का? आई तिच्याशी आता गावाशी बोलायची तसं बोलायला लागली. जेवलीस का. झोप. कधी जाणार. ईश्वरीला ते सहन होईना. अभ्यासाचं निमित्त मिळायचं आणि खेपा लांबत गेल्या. हा तिचा दोष होता, आणि तिला तो दिसत होता.

तिसऱ्या वर्षाला असताना मामा आईला घेऊन कॉलेजच्या रुग्णालयात आला. वनिताची भाकरी कमी झाली होती, अंग पिवळं दिसत होतं. यंत्रानं दुपारच्या आत सांगितलं, स्वादुपिंडाचा कर्करोग, यकृतापर्यंत पोचलेला. पुढं दोन वाटा होत्या. मोठी शस्त्रक्रिया आणि औषधं, त्यात वर्ष दीड वर्ष मिळण्याची शक्यता, पण त्यातला बराच काळ खाटेवर आणि नळ्यांत. नाहीतर वेदना कमी करणारं औषध घेऊन घर, आणि मग थोडेच दिवस. कुठली वाट घ्यायची हे यंत्र सांगत नसे. ते पेशंटनं सांगायचं आणि डॉक्टरनं समजून घ्यायचं. योजना होती ती याचसाठी.

डॉ. मुजावरांनी खोलीत मामाला बसवलं, ईश्वरीला आईसमोर बसवलं. दोन वाटा समजावणं ईश्वरीला जमलं. चित्रं काढून, पोटावर बोट फिरवून, शिकलेल्या खुणा जोडून तिनं सांगितलं, आणि वनिताला कळलं हे तिच्या चेहऱ्यावरून सगळ्यांना दिसलं.

मग वनिता बोलली. कितीतरी दिवसांनी ती सगळं बोलली, पूर्वी बोलायची तसं, न थांबता. तिनं उजवा हात मांडीवर ठेवला होता आणि ती फक्त डाव्या हातानं बोलत होती. ईश्वरीला तेवढं दिसलं, की आज आई एकाच हातानं बोलते आहे. अशक्तपणा असेल असं तिला वाटलं. डावा हात म्हणजे गेलेली माणसं, हे तिच्यातून पुसलं गेलं होतं. समोर बसून आई स्वतःबद्दल, गेलेल्या माणसाबद्दल सांगावं तसं सांगत होती, आणि मुलगी तिच्या हाताकडे डोळे फाडून बघत होती.

बोलणं संपलं.

"काय म्हणतीया?" मामानं विचारलं. त्याला शस्त्रक्रिया हवी होती. एकुलती बहीण होती.

डॉ. मुजावरही वाट बघत होत्या.

ईश्वरीच्या मनात आलं, म्हणावं ऑपरेशन करा म्हणते. कोण तपासणार होतं? वर्ष मिळालं असतं. वर्षभर आई इथंच खाटेवर असती, रोज शेजारी बसता आलं असतं, एकेक खूण पुन्हा शिकता आली असती. कदाचित आज आई काय बोलली, ते पुन्हा विचारता आलं असतं. आणि आईनं तेच सांगितलं असेल, असंही असू शकत होतं. "आई म्हणते..." तिनं सुरुवात केली. आईचे डोळे तिच्या ओठांवर होते.

"मला कळलं नाही, मॅडम," ईश्वरी म्हणाली. "एक अक्षर कळलं नाही. माझ्या भरवशावर काही ठरवू नका."

वनितानं मुलीचा चेहरा बघितला, आणि काय झालं ते तिला समजलं. ती रागावली नाही. पुन्हा सांगायच्या भानगडीतही पडली नाही. ती मामाकडे वळली, दोन्ही हातांची बोटं एकमेकांना टेकवून डोक्यावर छप्पर केलं आणि दाराकडे बोट दाखवलं.

"घरी चल म्हणतीया," मामा म्हणाला. एवढं त्यालाही कळत होतं.

घरी आईला दिवस मिळाले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ईश्वरी सगळे दिवस जवळ बसून होती. उशी, पाणी, खिडकी, दुखणं, सगळ्याच्या खुणा विचारत होती आणि आई बोटं उचलवतील तोवर दाखवत होती. शेवटच्या दोन दिवसांत हात उचलले गेले नाहीत. ईश्वरीनं ते हात हातात धरून ठेवले.

तेरावं झाल्यावर ती शेडवर गेली, आईच्या मैत्रिणींना भेटायला. शेवंताक्का आईच्या शेजारी बसून वर्षानुवर्षं देठ काढायची. तिनं ईश्वरीला पदराखाली घेतलं, रडली, आणि डोळे पुसून विचारलं, "काय म्हणली गं वनी? दवाखान्यात लई वेळ बोलत हुती, तुझा मामा सांगत हुता. आमच्यासाठी काय निरोप दिला का?"

"मला कळलं न्हाय, अक्का."

"असं कसं? तुलाच तर कळायचं सगळं. आमी आपलं काय बोलायचं आसलं तर तुलाच इचारायचो. मग आता कुणाला इचारायचं गं?"

"त्ये कळणारं एकच माणूस हुतं, अक्का," ईश्वरी म्हणाली. "त्ये मी हुते."